श्रमदान आणि हक्काचे घर



वडोद्याच्या रहिवाशांस विश्वामित्रीचा पूर नवा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये नदीने शहराचा मोठा भाग व्यापला, तेव्हा पक्क्या घरांतील माणसे वरच्या मजल्यावर गेली. ज्यांचे घर म्हणजे चार पत्रे आणि एक ताडपत्री, त्यांस वरचा मजला कोठला? पाणी ओसरल्यावर सढळ हातांनी अन्न येते, वस्त्र येते. घर मात्र पंगतीत वाढता येत नाही.

लोणावळ्यापुढील मळवली स्थानक कार्ल्याच्या यात्रेकरूंस परिचित आहे. त्याच्या जवळच्या पाटण गावी ऑक्टोबर २००६ च्या अखेरीस आठवडाभर निराळीच यात्रा भरली. ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेच्या सुमारे २००० स्वयंसेवकांनी तेथे १०० घरांचे काम हाती घेतले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर वयाच्या ८२ व्या वर्षी पत्नी रोझलिन यांच्यासह त्यांत राबत होते. (त्यांच्या मातोश्री लिलियन १९६६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, परिचारिका म्हणून विक्रोळीस येऊन राहिल्या होत्या, तेव्हा हा वारसा महाराष्ट्रास अपरिचित नव्हे.)

१९७६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा मूळ नियम ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्याचे घर, त्यानेही त्या कामात घाम गाळावयाचा. घराची किंमत हप्त्याहप्त्याने फेडावयाची. तीवर नफा नाही, व्याज नाही. फेडलेल्या हप्त्यांतून पुढच्या कुटुंबाचे घर उभे राहते. काल जो घेणारा होता, तोच आज देणारा होतो. खिरापतीत हे घडत नाही.

आक्षेपक म्हणतात की, विमानाने आलेल्या हौशी गवंड्यांपेक्षा मावळातला कसबी गवंडी तेच काम लवकर व नेटके करील. आक्षेप खरा आहे. विमानभाड्याच्या पैशात आणखी काही घरे झाली असती, हेही खरे. परंतु ज्याने एकदा स्वतः वीट उचलली, त्यास घरी परतल्यावर परक्याच्या घरासाठी चार लोकांपुढे हात पसरण्याचा संकोच वाटत नाही; आणि अशा संस्था चालतात त्या याच बळावर.

याहून अवघड प्रश्न जमिनीचा. भिंत आठवड्यात उभी राहते. पण पायाखालच्या जमिनीचा कागद नसेल, तर कर्ज देणार कोण, आणि घर तरी कोणाचे? वडोद्यात शिक्षण झालेल्या विनोबांनी १९५१ मध्ये पोचमपल्लीस भूमी मागितली, ती नांगरासाठी. नदीकाठच्या झोपडीपर्यंत ते दान पोहोचले नाही. ही गाठ सोडविण्याचा एक यत्न इंदुरास झाला. वडोद्याजवळील खत कारखान्याची वसाहत ज्यांनी आखली, त्याच वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी १९८० नंतरच्या दशकात तेथे ‘अरण्य’ वसाहतीची रचना केली. अगदी गरीब कुटुंबास आधी भूखंड, जोते आणि संडास-न्हाणीची सोय मिळाली. वरचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे चढवावयाचे होते. आरंभी एकच खोली घालावी, आणि पैसा जुळेल तसा जिना काढून वर मजला बांधावा.