पोरीच्या शिक्षणाचा उत्पादन खर्च
(शनिशिंगणापूर येथील बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



या गावातल्या घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत, ही गोष्ट साऱ्या देशाला ठाऊक आहे. २०११ साली युको बँकेने इथे शाखा उघडली, तीही कुलपाविना. पण बँकेच्या दाराला कुलूप नसले तरी कर्जाच्या कागदाला असते. त्या कागदावर सही करण्याआधी काय पाहायचे, एवढेच आज बोलायचे आहे.

बारावीचा निकाल लागला की पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या जिरायती गावांतून आमच्याकडे एकच प्रश्न येतो: "पोरीला नर्सिंगला घालायचं म्हणतो, कर्ज काढू का?" प्रश्न विचारतात हेच चांगले. पोरीच्या लग्नाला दोन-चार लाख काढताना कोणी हिशेब मागत नाही. शिक्षणाला पैसा लागला की मात्र घरात दहा जण हिशेब मागतात. म्हणून आधीच सांगतो, आजचा हिशेब पोरीला अडवायला नाही. तिने शिकावे आणि तिच्या पगारावर पहिला हक्क तिचा असावा, सावकाराचा किंवा बँकेचा नको, यासाठी हा हिशेब आहे.

कापसाचा उत्पादन खर्च आपण बोटांवर मोजतो. बियाणे, खत, फवारणी, वेचणी, सगळे धरतो. नर्सिंगचाही तसाच मांडा. फी, वसतिगृह, खाणावळ, गणवेश, पुस्तके, येणे-जाणे. एक धडा उदाहरण घ्या. चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग, दरवर्षी एक लाख रुपये कर्ज, व्याज दहा टक्के. शिकत असताना आणि पुढचे एक वर्ष हप्ता नाही, म्हणून बाप निश्चिंत असतो. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून धावते. सरळ व्याजाने धरले तरी हप्ता सुरू होईपर्यंत चार लाखांचे पाच लाख चाळीस हजार होतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ७,१०० रुपये. पंधरा वर्षांत फेडायचे तर सुमारे ५,८०० रुपये, पण एकूण भरणा दहा लाखांच्या पुढे.

हे आता कापसात मोजा. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. दहा वर्षांच्या फेडीत वर्षाचा हप्ता झाला साडेदहा क्विंटल कापूस. जिरायतीत एकरी चार क्विंटल धरले, तर अडीच एकरांहून जास्त रानाचा सगळा माल, खर्च न वजा करता, दहा वर्षे बँकेत. तोही हमीभाव हातात पडला तर!

आता भावाची बाजू पाहू. २०२२ साली कापूस दहा हजारांच्या वर गेला. तो भाव कायम राहील असे समजून ज्यांनी पुढच्या हंगामाचा खर्च वाढवला, त्यांचे काय झाले ते तुम्ही जाणता. नर्सिंगमध्ये तसा चढा भाव म्हणजे सरकारी नोकरी. सातव्या वेतन आयोगात राज्याच्या अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, वर महागाई भत्ता. त्या पगारात सात हजारांचा हप्ता निघून जातो. पण जागा थोड्या, अर्ज ढिगाने, आणि भरती कधी निघेल याचा नेम नाही.

बाकीच्या पोरी खासगी दवाखान्यांत जातात. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली. तिने शिफारस केली की ५० खाटांच्या आतल्या दवाखान्यातही परिचारिकेला महिना २० हजारांपेक्षा कमी देऊ नये, आणि २०० खाटांच्या वर सरकारी बरोबरीचा पगार द्यावा. शिफारस आहे, कायदा नाही. हमीभाव जाहीर होणे वेगळे आणि आडतीवर मिळणे वेगळे, हे तुम्हाला आम्ही काय शिकवावे? पंधरा हजारांची नोकरी लागली, खोलीभाडे आणि जेवणाला आठ गेले, सात बँकेला गेले, तर पोरीच्या हातात काय उरले?

२०११ च्या अखेरीस मुंबईत केरळच्या एका तरुण परिचारिकेने जीव दिला. त्यानंतर परिचारिका रस्त्यावर आल्या. त्यांचे गाऱ्हाणे होते तुटपुंज्या पगाराचे, बाँडचे आणि अडवून ठेवलेल्या मूळ प्रमाणपत्रांचे. मागे शिक्षणाचे कर्ज असले की असली नोकरी सोडताही येत नाही. पुढे २०१७ साली केरळ सरकारला शैक्षणिक कर्जे फेडायला ९०० कोटींची योजना आणावी लागली. म्हणजे दुखणे एका घरचे नव्हते.

मग करायचे काय? चार गोष्टी गाठीला बांधा.

पहिली, प्रवेश कोणत्या वाटेने होतो ते पाहा. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातील आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक पदवीची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्य सरकारने पूर्ण माफ केली आहे. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात घेतला, की माफी गेली. म्हणून बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी चुकवू नका, आणि उत्पन्नाचा व जातीचा दाखला निकालाची वाट न पाहता काढून ठेवा.

दुसरी, पदवीच हवी असा हट्ट नको. जी.एन.एम. तीन वर्षांचे आहे. राज्याच्या अधिपरिचारिका पदाला ते चालते आणि पगाराची सुरुवात तीच. सरकारी रुग्णालयांना जोडलेल्या परिचर्या शाळा आधी पाहा. नोकरी करत चार पैसे जमले की दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी पुढे घेता येते.

तिसरी, कर्जाचे माप चढ्या भावावर नको, पडत्या भावावर ठरवा. त्याच कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या पाच पोरींना गाठा आणि हातात पडणारा पगार विचारा. त्यातला सर्वात कमी आकडा धरा. हप्ता त्याच्या पाचव्या हिश्शात बसला तर कर्ज काढा. नाही बसला तर दुसरे कॉलेज शोधा.

चौथी, साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकांच्या आदर्श योजनेत तारण लागत नाही. त्याच्या आत कोणी सातबारा मागितला तर सही न करता परत या आणि गावातल्या चार जणांना घेऊन पुन्हा जा. आणि पोरीची मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही दवाखान्याकडे ठेवू नका.

परिचारिकेची रात्रपाळी आणि आपली कापूस वेचणी, दोन्हीकडे घाम गाळणारा एक आणि भाव ठरवणारा दुसराच. आपल्या मालाला आपण खर्चावर आधारित भाव मागतो. उद्या या पोरी त्यांच्या कष्टाचा भाव मागायला उभ्या राहतील, तेव्हा गाव त्यांच्यामागे हवे. तोवर एक काम करा. घरी गेल्यावर पोरीला शेजारी बसवा, वही काढा आणि हा सारा हिशेब तिच्याच हातून मांडून घ्या. कर्ज तिच्या नावावर असणार आहे. पहिला आकडाही तिनेच लिहावा.