स्पॅनिश शिकताना मराठी विसरू नका

इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारे हमखास विचारतात, ‘मला आंबा आवडतो’ हे ‘यो गुस्तो’ असं का म्हणायचं नाही? ‘यो’ म्हणजे मी. इंग्रजीत ज्याला आवडतं तो कर्ता. स्पॅनिशमध्ये जे आवडतं ते कर्ता. म्हणून एक आंबा असेल तर ‘मे गुस्ता एल मांगो’, अनेक असतील तर ‘मे गुस्तान लोस मांगोस’.

आता मराठी बघा. मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. तीच रचना! मग इंग्रजीवाल्यांची अडचण आपण का ओढवून घ्यायची?

मात्र ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोघांना आपल्याकडे एकच ‘आहे’. तिथे मराठीची रसद पोहोचत नाही; तिथे रोजची कवायतच हवी.