ताटात भाकरी किती, वरण किती

आम्ही बचत गटांच्या सहयोगिनी. हप्ता, कर्ज, वही या कामासाठी आम्ही गावोगाव बैठकांना जातो. पण हल्ली वही मिटली की बायका वेगळाच विषय काढतात. "ताई, वजन उतरवायला भाकरी बंद करू का?" कुणाला डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितलेलं असतं, कुणी मोबाइलवर पाहिलेलं असतं, कुणाची जाऊ दोन महिन्यांत बारीक झालेली असते. म्हणून आज याच्यावरच बोलू. आम्ही डॉक्टर नाही, हे आधी सांगतो. जे वाचलं, आरोग्य केंद्रात विचारून घेतलं आणि गटांत पाहिलं, तेवढंच तुमच्यापुढं ठेवतो.

भाकरी, चपाती, भात, पोहे, साबुदाणा, बटाटा, साखर, गूळ या सगळ्यांत कर्बोदकं असतात. पोटात गेल्यावर त्यांची साखर होते. अंगाला लागेल तेवढी वापरली जाते, उरलेली चरबी होऊन बसते. म्हणून कर्बोदकं कमी करायची आणि दाळी, कडधान्यं, अंडी, दूध-ताक, भाजीपाला वाढवायचा, ही या आहारामागची कल्पना. दाळी-अंड्यातल्या प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरल्यासारखं राहतं आणि मधल्या वेळची खा-खा कमी होते.

लातूरला हा विषय नवा नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित हे आपल्या लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून त्यांनी जो आराखडा लोकांपुढं मांडला, तो 'दीक्षित डाएट' म्हणून महाराष्ट्रभर गेला. खरी भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवायचं, जेवण पंचावन्न मिनिटांत उरकायचं, गोड कमी, प्रथिनं जास्त, आणि रोज पाऊण तास चालायचं. मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा एवढंच. याच्या उलट आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगतात की थोडं थोडं, थोड्या थोड्या वेळानं खा, आणि घरचं, आपल्या भागातलं खा. २०१८ च्या सुमाराला या दोन बाजूंवरून घराघरांत वाद झाले. नणंद एका बाजूला, भावजय दुसऱ्या.

मग बरोबर कुणाचं? त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ६०९ माणसांचे दोन गट केले. एका गटानं तेल-तूप कमी केलं, दुसऱ्यानं कर्बोदकं कमी केली. दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळायला आणि भाजीपाला भरपूर खायला सांगितलं होतं. वर्षानंतर दोन्हीकडं सरासरी पाच-सहा किलो वजन उतरलं, दोहोंत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण एकाच गटात कुणाचं वीस-पंचवीस किलो उतरलं, तर कुणाचं चक्क वाढलं. आम्हाला यातून एवढं कळलं की पद्धतीच्या नावापेक्षा ती माणसाला किती दिवस पाळता येते, याला जास्त किंमत आहे. जो आहार घरात वेगळी चूल मागतो, तो आपल्याकडं टिकत नाही. बदाम, पनीर, विदेशी फळांची यादी घेऊन बसलं तर पहिल्याच बाजाराला पर्स रिकामी. सणासुदीला, सुगीत, पाहुण्यांत जे चालेल तेच वर्षानुवर्षं चालेल.

आता आपल्या ताटाकडं पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत असं निघालं की आपल्या रोजच्या अन्नातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. २०२४ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं सांगितलं की धान्यातून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा येऊ नये. पण मैत्रिणींनो, ही सरासरी झाली. आपल्या घरात एकाच भांड्यातलं वरण सगळ्यांच्या ताटात सारखं पडतं का? आधी सासरे, मग मालक, मग लेकरं. घट्ट दाळ त्यांच्याकडं जाते. आपली पाळी येईपर्यंत भांड्यात राहतं ते वरचं पाणी. मग आपण तीन भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, नाहीतर कालचं कोरड्यास घेऊन पोट भरतो. वर "मला असंच आवडतं" म्हणतो. आपलं ताट भाकरीनं भरलेलं आहे ते आवडीनं कमी आणि पंगतीच्या क्रमानं जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. वजन जास्त आणि रक्त कमी, असं एकाच बाईत दिसतं ते यामुळंही.

म्हणून "भाकरी बंद करू का" असं विचारणाऱ्या बाईला आम्ही उलट विचारतो, "बाई, तुझ्या वाटीत दाळ किती येते?" नुसती भाकरी बंद केली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही, तर त्याला उपासमार म्हणतात. आठ दिवस वजन उतरतं, मग चक्कर येते, मग रात्री दुप्पट जेवण होतं.

एक गैरसमजही काढून टाकू. ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, असं बऱ्याच जणी समजतात. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढीच. ज्वारी चांगलीच, पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा तिच्यात चोथा जास्त. पण आपली मोठी भाकरी ७०-८० ग्रॅम पिठाची, म्हणजे एका भाकरीत ५० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. तीन खाणारीनं दीड-दोनवर यावं आणि उरलेली जागा वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची, हुलग्याची उसळ, भाजी, काकडी-मुळा यांनी भरावी. दाळीतही कर्बोदकं असतात, पण तूरदाळीत शंभराला २२ ग्रॅम प्रथिनं असतात, ज्वारीत दहा. राजगिरा, तांदुळजा, चवळई, अंबाडी, करडईची कोवळी भाजी ही तर बांधावरची. आणि हे सगळ्या घरासाठी एकदाच शिजतं. फक्त वाढताना आपली वाटी आधी बाजूला काढून ठेवायची. सुरुवातीला जीवावर येतं, हे आम्हाला ठाऊक आहे.

दाळ महाग आहे, हे खरं. पण आपण तुरीच्या मुलखात राहतो. लातूरची दाळ देशभर जाते. तूर निघाली की सगळी आडतीवर घालायची आणि पावसाळ्यात तीच दाळ किराण्याच्या दुकानातून पाव-पाव किलो आणायची, हा व्यवहार गटाच्या वहीत मांडून बघा. पाच माणसांच्या घरात माणशी रोज ४० ग्रॅम दाळ धरली तर वर्षाला ७३ किलो लागते. एक क्विंटल तूर भरडली की साधारण ७० किलो दाळ पडते. म्हणजे एक क्विंटल तूर घरात ठेवली की वर्ष निघालं. ती ठेवायची का विकायची, हे ठरवताना मालकांशी बोलायला लागेल, आणि तिथं वजनापेक्षा लेकरांच्या तब्येतीचं नाव काढलं तर लवकर पटतं, असा अनुभव आहे.

सोयाबीनचंही तसंच. पोतीच्या पोती पिकवतो आणि घरात दाणा ठेवत नाही. त्यात दाळीपेक्षाही प्रथिनं जास्त. पण कच्चं सोयाबीन दळून खाऊ नका, ते पचत नाही. उकळत्या पाण्यात २०-२५ मिनिटं उकडून, कडक उन्हात वाळवून मग दळा, आणि नऊ वाट्या पिठाला एक वाटी एवढंच मिसळा. चवीत फारसं कळत नाही. शेंगदाणा मात्र मुठीनं मोजा. त्याच्यात प्रथिनं आहेत तशी जवळपास निम्मी चरबी आहे. चटणीचा कूट तीन-तीन चमचे घेतला तर हिशेब फिसकटतो.

येळवसची भज्जी आठवा. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे, मटाराचे ओले दाणे, पालेभाज्या, बेसन, ताक. वजन उतरवणाऱ्या बाईला याहून चांगलं काय सांगायचं? वर्षातून एकदा शेतात बसून खातो ती भज्जी थंडीभर आठवड्यातून दोनदा करायला कुणाची ना नाही. सोबतचे उंडे आणि खीर मात्र त्या दिवसापुरतीच.

आता चहा. कपाला दोन चमचे साखर, दिवसाला चार कप. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर रोज ४० ग्रॅम, वर्षाला साडेचौदा किलो साखर एकटीच्या पोटात. भाकरीला हात लावायच्या आधी इथून सुरुवात करा. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी केला की जिभेला कळतही नाही. गूळ घातला तर चालतं का, हेही विचारतात. वजनाच्या हिशेबानं गूळ आणि साखर बहिणी-बहिणी.

आणि उपास. चतुर्थी, एकादशी, सोमवार, नवरात्र. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं नावाला. त्यावर बटाटा, तळण, दाण्याचा कूट. उपासाच्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त खाल्लं जातं, हे आपण एकमेकींना हसून कबूल करतोच. श्रद्धा ज्याची त्याची. पण ताक, दूध, फळ, राजगिऱ्याची भाजी, काकडीची कोशिंबीर यांवरही उपास घडतो.

आता जरा नीट ऐका. हा आहार सगळ्यांसाठी नाही. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, अठरा वर्षांखालच्या मुली यांनी या वाटेला जाऊ नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवणं घातक होऊ शकतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि ज्या मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात, त्यांनी तर आधी डॉक्टर, मग ताट. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या रक्तातली साखर खाली ओढतात. गोळी तीच ठेवून भाकरी निम्मी केली तर साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, बोलणं असंबद्ध होतं. तेव्हा लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. गोळीचा डोस डॉक्टरच कमी करतील, आपण आपल्या मनानं नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही वजन उतरलं की परत विचारून घ्यायचं. तिशीपुढच्या बायकांची साखर आणि रक्तदाब गावच्या आरोग्य उपकेंद्रात फुकट तपासतात, आशाताईला सांगा.

मुळात आपल्याला वजन उतरवायची गरज आहे का, हेही पाहा. गटातल्या शिवणकाम करणारीकडची टेप घ्या. बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या पुढं गेली की सावध व्हायचं. उंची १५० सेंटीमीटर असेल तर ५२ किलोच्या पुढं वजन जास्त आणि ५६ च्या पुढं लठ्ठपणा, असं भारतीय माणसांसाठी मोजतात. दिवसभर मशीनवर किंवा दुकानात बसणारी आणि सोयाबीन काढायला जाणारी, दोघींचं माप एक नाही. सुगीत कामावर जाणारीनं भाकरी कमी करायच्या भानगडीत पडू नये. काम सरल्यावर, बसून राहायच्या दिवसांत कमी करावी. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी खूप झालं. ६४ किलोच्या बाईचे तीन-साडेतीन किलो उतरले आणि उतरलेलेच राहिले तर साखरेला, रक्तदाबाला फरक पडतो.

शेवटचा विषय पैशाचा, तो आमच्या कामातलाच. वजन उतरवायच्या पावडरीचे डबे विकणाऱ्या बायका आता गटाच्या बैठकीतही येऊ लागल्या आहेत. एका गावात एका ताईनं महिनाभराच्या डब्यांसाठी गटातून पाच हजारांचं कर्ज मागितलं, दोन टक्के व्याजानं. एक वेळचं जेवण सोडून पावडर प्यायची, असं तिला सांगितलं होतं. जेवण सोडल्यावर वजन उतरणारच, त्याला डबा कशाला? आणि डबा संपल्यावर काय? बैठकीत बायकांनीच हिशेब केला. सात रुपयांचं अंडं धरलं तर पाच हजारांत सातशेवर अंडी येतात, रोज एक खाल्लं तरी जवळजवळ दोन वर्षं. कर्ज द्यायचं का नाही हे गटानं ठरवायचं असतं, आम्ही मध्ये पडत नाही. त्या गटानं तिला कर्ज दिलं, पण दहा कोंबड्यांसाठी.

पुढच्या बैठकीला येताना टेप आणा, आणि एक आठवडा रोज आपल्या ताटात भाकरी किती आणि दाळ किती वाट्या आली ते वहीच्या मागच्या पानावर लिहून आणा.