पैदाशीचा कोंबडा निवडताना



प्रदर्शनाच्या मानकाला उतरेल अशी पिलं हवी असतील, तर कोंबडा कसा निवडायचा, हा आजचा विषय. त्यासाठी मी एकच जात घेणार आहे, अमेरिकेतली बार्ड प्लायमाउथ रॉक. अंगभर काळे-पांढरे आडवे पट्टे, पिवळे पाय, लाल कानपाळी आणि पाच दात्यांचा सरळ उभा तुरा. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर इथल्या प्रदर्शनात १८६९ साली ही जात लोकांसमोर आली. १८७३ मध्ये बफेलो शहरात अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने मानकाचं पहिलं पुस्तक काढलं, त्यात या जातीला जागा मिळाली. आपल्यालाही ही जात तशी परकी नाही. आज आपण खातो त्या ब्रॉयलरच्या आईकडच्या वंशात पांढरी प्लायमाउथ रॉक आहे, आणि बापाकडच्या वंशात कॉर्निश, जिच्या पूर्वजांत आपला असील आहे.

मानकाप्रमाणे पुरत्या वाढीचा कोंबडा साडेनऊ पौंडांचा, म्हणजे सव्वाचार किलोच्या थोडा वर, आणि कोंबडी साडेसात पौंडांची. ही वजनं मी मुद्दाम आधी सांगतो. नवखा माणूस खुराड्यापाशी उभा राहतो आणि त्याची नजर थेट पट्ट्यांवर जाते. तसं करू नका. आधी कोंबडा हातात घ्या. छातीचं हाड तळव्यावर टेकवा. ते लांब आणि सरळ लागलं पाहिजे, कुठे वाकलेलं नको. पाठ रुंद हवी आणि ती रुंदी शेपटीपर्यंत टिकलेली हवी. पाय एकमेकांपासून लांब रोवलेले, बोटं सरळ. मग पंख उलगडून बघा. बाहेरच्या आणि आतल्या मोठ्या पिसांच्या मधे फट पडत असेल, तर तो कोंबडा पैदाशीला नको. शेपूट एका अंगाला झुकलेली, नळीवर बारीक पिसं आलेली, तुऱ्याच्या कडेला आगाऊ कोंब फुटलेला, यातलं काहीही दिसलं तरी त्याला खाली ठेवा. रंग दोन-तीन पिढ्यांत सुधारता येतो, पण अरुंद पाठ एकदा कळपात शिरली की बाहेर काढता काढता वर्षं जातात.

आता पट्टे. पाठीवरचं एक पीस उपटून उजेडात धरा. वर दिसणारे पट्टे पिसाच्या मुळापर्यंत, कातडीजवळच्या मऊ भागातही उतरले पाहिजेत. न्यूयॉर्क राज्यातल्या अमेनियाच्या थॉम्पसन यांनी नावारूपाला आणलेल्या कोंबड्या ‘रिंगलेट’ या नावाने विकल्या जात, त्या अशाच रेखीव पट्ट्यांसाठी. पट्टा बारीक आणि स्वच्छ उमटायला पिसं सावकाश वाढावी लागतात. म्हणून या जातीच्या उत्तम वंशांत पिलांना पिसं उशिरा येतात. पिलू उघडं दिसतं म्हणून घाईने त्याला बाद करू नका.

पट्ट्याचं जनुक लिंगाशी जोडलेल्या गुणसूत्रावर असतं. कोंबड्याकडे अशी दोन गुणसूत्रं, कोंबडीकडे एकच. त्यामुळे शुद्ध कोंबड्यात पट्ट्याची दुहेरी मात्रा असते, त्याचे पांढरे पट्टे रुंद होतात आणि तो कोंबडीपेक्षा फिका दिसतो. हा काही दोष नव्हे, निसर्गाची घडणच तशी आहे. शिवाय कोंबडीकडचं ते एकुलतं गुणसूत्र तिच्या नरपिलांकडेच जातं. म्हणजे तलंगेला, तरुण कोंबडीला, पट्ट्याचं जनुक मिळतं ते केवळ बापाकडून. माद्यांचे पट्टे सुधारायचे असतील, तर कळपात कोंबड्याच्या निवडीहून मोठा निर्णय दुसरा नाही. म्हणूनच मी कोंबड्याइतकीच त्याची आई बघतो. त्याच्या दोन गुणसूत्रांपैकी एक आईकडून आलेलं असतं आणि तेच त्याच्या साधारण निम्म्या लेकींपर्यंत पोचतं.

इथेच एक सापळा आहे. गर्द, कोंबडीसारखाच ठळक पट्ट्यांचा कोंबडा बाजारात उठून दिसतो आणि लोक त्याला जास्त पैसे मोजतात. पण मागे कधी काळ्या जातीचं रक्त मिसळलं असेल, तर त्याच्याकडे पट्ट्याची एकच मात्रा असू शकते, आणि त्याची गर्द छटा त्यातूनच आलेली असते. अशा कोंबड्याची सगळी नरपिलं पट्टेदार निघतील, पण निम्म्या तलंगा निव्वळ काळ्या. म्हणून गर्द कोंबडा विकत घेताना त्याच्या बहिणी दाखवायला सांगा, आणि त्याने आधी पिलं दिली असतील तर लेकीही.

मग प्रदर्शनात नर आणि मादी एकाच छटेचे कसे दिसतात? त्यासाठी जुन्या पैदासकारांनी दोन वेगळे वंश जोपासले. एका वंशात प्रदर्शनाच्या छटेचे कोंबडे आणि त्यांच्या जोडीला प्रमाणाबाहेर गर्द कोंबड्या. त्यातून जिंकणारे कोंबडे निघतात, पण तलंगा मांडण्याजोग्या नसतात. दुसऱ्या वंशात नेमक्या छटेच्या कोंबड्या आणि फिके कोंबडे. त्यातून जिंकणाऱ्या तलंगा निघतात. या कामातलं कौशल्य मी मनापासून मानतो. तरीही ही रूढी मला पटत नाही. दर वर्षी निम्मी पिलं केवळ छटेसाठी बाजूला काढायची, हा चांगल्या पक्ष्यांवर अन्याय आहे. जर्मनीत याच जातीपासून आलेल्या अम्रॉक्समध्ये कोंबडा कोंबडीपेक्षा फिका असणंच मानक धरतात. मला ते शहाणपणाचं वाटतं. एकच खुराडं असेल त्याने तलंगांचा वंश धरावा, आणि विकत घेताना पक्षी कुठल्या वंशाचा आहे हे आधी विचारावं. पारितोषिक मिळालेला कोंबडा आणून तलंगांच्या वंशात सोडला, तर दोन्ही वंशांची घडी विस्कटते.

कोंबडा निवडताना आपल्या कोंबड्यांचे दोष कागदावर लिहून समोर ठेवा. त्यांचा तुरा वेडावाकडा असेल, तर कोंबड्याचा तुरा निर्दोष हवा. दोघांत एकच दोष असेल, तर बाकी सगळं कितीही देखणं असलं तरी ती जोडी लावू नये.

जोम तर हवाच. वायनडॉट या जातीचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे: तिथे मानकाला हवा तो गुलाबतुरा, पण त्या तुऱ्याच्या जनुकाची दुहेरी मात्रा असलेल्या नरांची फलनक्षमता कमी भरते. म्हणून जाणते पैदासकार एकेरी मात्रेचे नरही कळपात राखतात, त्यांच्या पिलांत अधूनमधून साधा तुरा आला तरी.

एका कोंबड्यामागे आठ ते दहा कोंबड्या पुरेत. कोंबडा बदललात, तर नव्याच्या नावाने अंडी उबवायला ठेवण्याआधी तीन आठवडे जाऊ द्या, कारण आधीच्या नराचं बीज कोंबडीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकतं. आणि पिलं अंड्यातून बाहेर आली की त्याच दिवशी त्यांच्या पायात खुणेचं कडं घाला आणि बापाची नोंद वहीत करा. पुढच्या हंगामात कोणता कोंबडा ठेवायचा, हे त्या वहीवरून ठरवायचं आहे.