वस्तीवर मारलेला शिक्का



सोलापूर शहरात ‘सेटलमेंट’ हा शब्द ठाऊक नाही असा मनुष्य विरळा. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ एवढे सांगितले की पत्ता पुरा होतो. परंतु ह्या नावातील ‘फ्री’ ह्या शब्दाचा अर्थ काय, असा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी स्वतःस विचारला आहे? सेटलमेंट म्हणजे तारेच्या कुंपणातील वसाहत. ज्यांच्या वर्तनाविषयी अधिकाऱ्यांची खात्री पटे, त्यांना कुंपणाबाहेर राहू देण्यासाठी जी वस्ती निघाली ती फ्री कॉलनी. मोकळे असे नाव ज्यांना मुद्दाम द्यावे लागते, ते आधी बांधलेले होते हे उघड आहे.

कोणी बांधले होते? कायद्याने. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ साली तो मुंबई इलाख्यासही लागू होईल असा वाढविला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार आहे असे जाहीर करावे, आणि त्या जाहीरनाम्याच्या खरेखोटेपणाविषयी कोणत्याही न्यायालयाने प्रश्न विचारू नये, अशी त्याची रचना होती. कैकाडी, भामटा, टकारी, कंजारभाट, पारधी अशा जमातींतील माणसांच्या बोटांचे ठसे घेतले गेले. परगावी जाण्यास परवाना, राहत्या ठिकाणी हजेरी. आणि मुलांना आईबापांपासून वेगळे करून निराळ्या शाळांत ठेवण्याचाही अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. सोलापूरच्या वसाहतीला ‘उमेदपूर’ असे नाव होते व तिची व्यवस्था काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. कुंपणाला उमेद हे नाव सुचणे, ही त्या काळच्या परोपकाराची रीत म्हणावी लागेल! शहरातल्या कापडगिरण्यांना मजूर हवेच होते. कुंपणातला मजूर पळून जाण्याची भीती नव्हती.

आता गुन्ह्यांच्या आकड्यांचा विचार करा. हजेरीला न येणे हाच ज्या कायद्यात गुन्हा, त्या कायद्याखाली राहणाऱ्या जमातीचे गुन्हे वाढलेलेच दिसणार. आजारी नातलगाला पाहण्यासाठी परवान्यावाचून दुसऱ्या गावी गेलेला मनुष्य आणि दरोडा घालणारा मनुष्य हे दोघेही सरकारी वहीत गुन्हेगारच. त्या वहीतील बेरीज दाखवून पुन्हा म्हणावयाचे, पाहा, ही जात किती गुन्हेगार आहे!

तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. वही मात्र बंद झाली नाही. अमुक वस्तीत गुन्ह्यांचे प्रमाण फार आहे, तेथे घर घेऊ नका, असे आजही सहज बोलले जाते. हे प्रमाण म्हणजे काय? दर एक लाख लोकसंख्येमागे पोलिसांनी नोंदविलेले गुन्हे. समजा, दोन हजार माणसांच्या वस्तीत वर्षात चार गुन्हे नोंदले गेले, तर हिशेबाने ते लाखामागे दोनशे झाले. पुढल्या वर्षी आठ नोंदले की गुन्हेगारी दुप्पट झाली असा बोभाटा करता येतो. शिवाय जेथे पोलिसांची गाडी रोज जाते तेथली भांडणे वहीत येतात. जेथे ती जात नाही तेथली दाराआड मिटतात. हुंड्यासाठी सुनेचा छळ करणाऱ्या बंगल्यामुळे त्या बंगल्याची आळी कधी बदनाम झाल्याचे ऐकिवात आहे काय?

चोरी ही चोरीच आहे. विड्या वळून मिळविलेली मजुरी ज्या बाईच्या हातातून हिसकावली जाते, तिला जमातीचा इतिहास सांगून समाधान होणार नाही. तिला न्याय हवा, आणि तो खऱ्या चोराला पकडल्यानेच मिळेल. घटनेनंतर तासाभरात ठरलेल्या वस्तीतील ठरलेली चार पोरे उचलून आणणे हा तपास नव्हे. त्यात खरा चोर निसटतो. आणि त्या वस्तीतील घर फुटले तर तक्रार द्यावयास कोण जाईल? फिर्यादी म्हणून ठाण्यात गेलेला मनुष्य संशयित म्हणून बसवून घेतला जाण्याची धास्ती असेल, तर तो गप्पच राहील. म्हणजे ज्यांना धोकादायक म्हणतात, तेच सर्वांत अरक्षित राहतात.

ह्याचे भयंकर उदाहरण आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना, ते मुले पळविणारे आहेत अशा संशयावरून, जमावाने ठेचून मारले. त्यांतील बहुतेक जण मंगळवेढा तालुक्यातले होते. भिक्षा मागून पोट भरणारी माणसे ती. त्यांच्या हातून काय घडले असे कोणी विचारले नाही. ती कोणासारखी दिसतात एवढेच पाहिले गेले.

कायद्याच्या संरक्षणातही एक विलक्षण विसंगती आहे. कैकाडी समाज नागपूर, अमरावती, अकोला अशा विदर्भातील जिल्ह्यांत अनुसूचित जातींत मोडतो. सोलापुरात तो विमुक्त जातींत गणला जातो. म्हणून नागपूरच्या कैकाड्यावर जातीमुळे अत्याचार झाला तर त्याच्या मदतीस १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा येतो, सोलापूरच्या कैकाड्याच्या मदतीस येत नाही. जात तीच, शिवी तीच, काठीही तीच.

आणि आपण? बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांवरील आपल्या ग्रंथात गुन्हेगार ठरविलेल्या जमातींचा प्रश्न अस्पृश्य व आदिवासी यांच्या प्रश्नाच्या शेजारीच मांडला. मग आपल्या वस्तीत पारध्याचे कुटुंब खोली भाड्याने मागू लागले की आपल्याच आयाबहिणी दाराची कडी का लावतात? जातीचे नाव ऐकून खोली नाकारली जाण्याचा अपमान आपल्याला सांगावा लागत नाही. हाच अपमान आपण दुसऱ्याच्या पदरात घालावा काय? ज्या शहराने १९३१ साली फाशी गेलेल्या चार माणसांचे पुतळे उभारले, त्या शहराला सरकारी शिक्का म्हणजे अंतिम सत्य नव्हे हे नव्याने शिकवण्याची गरज नसावी.

सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात तुरुंगातील जातवार नियम घटनाबाह्य ठरविले व विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये असे पोलिसांना बजावले. तेव्हा ह्या वस्तीतील तरुणाला नेले तर दोघाचौघांनी ठाण्यात जावे. अटक आहे की नुसती चौकशी, हे विचारावे. अटक असेल तर कारण काय, नातलगांना कळविले काय, चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करणार काय, हेही विचारावे. त्याच वस्तीतील बाई चोरीची फिर्याद घेऊन निघाली, तर तिच्याबरोबरही जावे, आणि नोंदविलेल्या फिर्यादीची विनामूल्य प्रत तिच्या हाती पडेपर्यंत तेथून हलू नये.