मे महिन्यातलं नाटक
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेलं भाषण)



आत्ताच अध्यक्षांनी 25 वर्षांचा आढावा घेतला. बोअर, टाकी, रंगकाम, पार्किंग, सगळं आलं. एक गोष्ट मात्र अहवालात नाही, कारण तिचं कधी व्हाउचरच झालं नाही. ती म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत आपली मुलं गच्चीवर करायची ते गाण्यांचं नाटक. त्यावर बोलायला मला दहा मिनिटं दिलीत. मी गाण्याची बाई, दहा मिनिटं नुसती पेटी लावण्यात जातात. तरी प्रयत्न करते.

नव्या सभासदांना सांगते. आपण इथं राहायला आलो त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. सोलापूरचा मे, पारा 42-43 वर. मुलं दिवसभर घरात कोंडलेली आणि ऊन उतरलं की जिन्यात दंगा. तळमजल्यावरून रोज तक्रार. शेवटी तेव्हाचे सेक्रेटरी मला म्हणाले, "मॅडम, या पोरांना कशाला तरी जुंपा." असं सुरू झालं आपलं नाटक!

गोष्ट आम्हीच रचली. एका राजाला झोप येत नाही. विणकराची मुलगी त्याच्यासाठी चादर विणायला बसते, तर प्रत्येक रंगाचा धागा म्हणतो, मीच वर दिसणार. लाल धागा रुसून निघून जातो आणि विणलेली चादर उसवायला लागते. ही गोष्ट का निवडली? तर तिच्यात मुलं कितीही मावतात. कुणाचा भाचा सुट्टीला आला, वाढवा एक धागा. आपल्याकडे घराघरात भाषा वेगळी, म्हणून एक कडवं कन्नड, एक तेलुगू. ती मुलांच्या आज्यांनी करून दिली. पडद्याला काय लावलं हे सोलापूरकरांना सांगायला नको, चादरीच! तालमीला सुट्टी फक्त नळाला पाणी यायच्या दिवशी.

आता जे सांगणार आहे ते आजवर कुठं बोलले नाही. त्या पहिल्या वर्षी एक नऊ वर्षांचा मुलगा होता. आवाज मोठा आणि सूर मात्र कुठंच लागायचा नाही. प्रयोग चार दिवसांवर आलेला. मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, "तू नुसते ओठ हलव." दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्याची आई जिन्यात भेटली, काही बोलली नाही, नुसती हसली. ते हसणं मला लागलं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. आजोबा बसले होते. जन्मभर मागावर काम केलेला माणूस. मी नातवाची माफी मागितली. तो आत पळाला. आजोबांनी विचारलं, "तुमच्या नाटकात माग हाय म्हणं. वाजतो कसा?" मी टाळ्या वाजवून दाखवलं. ते म्हणाले, "असा माग चालला तर धोटा बाहेर पडंल की!" दुसऱ्या दिवशी ते स्वतः गच्चीवर आले. तेलाचा रिकामा डबा पुढ्यात घेतला आणि मागाचा ठेका वाजवून दाखवला. मुलं थक्क. नातू कठड्याला टेकून बघत होता. कुणी त्याला बोलावलं नाही. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला तो आपणहून रांगेत येऊन उभा राहिला आणि गायला लागला.

प्रयोगात तो गायला. बेसूर? हो, बेसूरच. पण वीस मुलांच्या आवाजात आणि त्या डब्याच्या ठेक्यात माझ्याशिवाय कुणाच्या कानाला टोचलं नाही. आणि खरं सांगू, नंतर माझ्याही नाही.

आपण काही जगावेगळं केलं नव्हतं. 1959 साली सुधा करमरकरांनी मुंबईत रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलं आणि मराठी मुलांना हक्काचं नाटक मिळालं. मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' आजही मुलांना वेड लावतं. पुढे सुलभा देशपांडे यांच्या 'चंद्रशाळे'नं माधव साखरदांडे यांचं 'दुर्गा झाली गौरी' केलं. नाच-गाण्यांचं नाटक आणि रंगमंचावर मुलंच मुलं. जुनी मोठी झाली की नवी यायची. आपल्या गावाचाही यात मान आहे. पहिलं अखिल भारतीय मराठी बालनाट्य संमेलन 2015 साली सोलापुरातच झालं. अध्यक्षा होत्या कांचन सोनटक्के. ज्या मुलांना ऐकू येत नाही, दिसत नाही, त्यांना रंगमंचावर उभं करण्यात त्यांनी आयुष्य घातलं. आणि मी एका धडधाकट मुलाला ओठ हलवायला सांगत होते!

मग आपलं नाटक बंद का पडलं? कुणाचा दोष नाही. मोठी मुलं पुण्याला गेली, सुट्टीत क्लास आले, माझे गुडघे गच्ची चढेनात. आता गणपतीत मुलं नाचतात, छान नाचतात, टाळ्या मीही वाजवते. पण गाणं स्पीकरमधलं असतं. मुलांचे फक्त ओठ हलत असतात. दरवर्षी ते बघताना मला तो नऊ वर्षांचा मुलगा आठवतो. तेव्हा मी एकाला सांगितलं होतं, आता आपण सगळ्यांनाच सांगतोय.

म्हणून या रौप्यमहोत्सवात माझी एकच मागणी आहे. येत्या मे महिन्यात नाटक पुन्हा सुरू करू. रोज संध्याकाळी एक तास, तीन आठवडे. गच्ची जमत नसेल तर पार्किंग द्या, तेवढ्या वेळापुरत्या गाड्या बाहेर लावा. माइक नको, ट्रॅक नको. एक पेटी, एक डबा. येईल त्या मुलाला घ्यायचं, आणि घेतलेल्या प्रत्येकानं स्वतःच्या आवाजात गायचं. कडवी आजी-आजोबांनी करून द्यायची. पेटी मी वाजवीन, खुर्ची तेवढी खाली आणून ठेवा.

डबा वाजवणारे आजोबा आज आपल्यात नाहीत. पण त्यांचा नातू मागच्या दिवाळीत आला होता, स्वतःच्या मुलीला घेऊन. जिन्यात ती काहीतरी गुणगुणत होती, सूर बापासारखाच. त्यानं मला बघितलं आणि हसत म्हणाला, "काकू, हिला घ्याल ना नाटकात?"

मी हो म्हणून बसलेय. आता मला खोटं पाडू नका.

जेवणानंतर मी पेटीपाशी वही घेऊन बसते. मुलांनो, नावं तिथं लिहा.