नळीने की शिरेतून?



आजारी माणसाला गिळता येईनासे झाले की डॉक्टर नाकातून नळी घालू म्हणतात, आणि आपण बायका आधी रडू लागतो. नळी दिसते वाईट, हे खरेच. माझ्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला तेव्हा वन्संनी हट्टच धरला, "नळी नको, सलाईन लावा." पण त्या साखरेच्या बाटलीवरचे आकडे सातवी शिकलेल्या बाईलाही वाचता येतात. शंभराला पाच ग्रॅम, म्हणजे लिटरभर बाटलीत दहा चमचे साखर. फार तर २०० कॅलरी! त्यावर माणूस किती दिवस काढील?

आतडे चालू असेल तर अन्न आतड्यातच जावे. रिकामे राहिले तर ते झिजते. शिरेतून पुरते अन्न देता येते, अमेरिकेत डॉ. डड्रिक यांनी १९६८ साली ते दाखवून दिले. पण त्याला मोठी शीर लागते, रक्तात जंतू शिरण्याची धास्ती, आणि खर्च तर विचारूच नका. आतडे अडले, फाटले वा बरेचसे कापून काढले, तर मात्र तोच आधार.

नळीने भरवताना उशाकडची बाजू चांगली उंच करावी, नंतरही अर्धा तास तशीच ठेवावी. शेवटी थोडे पाणी सोडावे, नाहीतर नळी तुंबते.